पहिलं वाक्य कुणाचं?

दोन भाषांच्या घरात विनोद विकत आणावा लागत नाही. तो आयताच घडतो. आमच्या अज्जीचे माहेर गोकाक तालुक्यातले. मराठी तिला समजायची, पण तिच्या सोयीने. एकदा इंजेक्शन देताना डॉक्टर म्हणाले, "आज्जी, हालू नका." अज्जीने ते आज्ञेसारखे पाळले आणि पुढचे चार दिवस दुधाला तोंड लावले नाही! कन्नडमध्ये 'हालु' म्हणजे दूध, हे आमच्या वाचकांना सांगायला नको. पाचव्या दिवशी उलगडा झाला, तेव्हा सगळ्यांत मोठ्याने अज्जीच हसली. नंतर तिने तो किस्सा स्वतःच रंगवून सांगायला सुरुवात केली, आणि दर वेळी त्यात नवे काही घालायची. कधी डॉक्टर जाडा असायचा, कधी सुई दाभणाएवढी.

याला आता शहरात एक नाव आहे. 'इम्प्रोव्ह' म्हणतात. म्हणजे हातात संहिता नाही, तालीम नाही, समोरचा जे बोलेल त्यावरून तिथल्या तिथे प्रसंग रचायचा आणि हसवायचे. त्याचे रीतसर वर्ग असतात, फी असते, शेवटी छोटा प्रयोग असतो. माझी थोरली बहीण लग्न होऊन बडोद्याला गेली, त्याला आता बरीच वर्षे झाली. दांडिया बाजारात तिचे घर आहे. तिची मुलगी, म्हणजे माझी भाची, नोकरी सांभाळून दर रविवारी अलकापुरीत अशा वर्गाला जाते. गेल्या हिवाळ्यात मी सुट्टी काढून अक्काकडे गेलो होतो. तेव्हा भाची म्हणाली, "मामा, तू कॉलेजात नाटकं बसवतोस ना? मग एकदा आमचा वर्ग बघायला चल." मी गेलो.

वर्ग छान होता, हे आधी सांगतो. शिकवणारा तरुण मनाने मोकळा होता. बारा-तेरा जण गोल करून उभे. बोलणे इंग्रजी, हिंदी आणि गुजरातीची मिसळ. या खेळाचा पहिला नियम त्याने मला समजावून सांगितला. समोरच्याने जे दिले, ते नाकारायचे नाही. 'हो' म्हणायचे आणि त्यात आपली भर घालायची. 'हो, आणि...' एवढाच मंत्र. आपल्याकडच्या भाषेत 'हौद, मत्त...' समोरचा म्हणाला, "आज समुद्र फार खवळलाय", तर "कुठला समुद्र? हे तर बडोदं आहे" असे म्हणायचे नाही. "हो, आणि वल्ही तर तू घरीच विसरलास" असे म्हणायचे. नियम मला फार आवडला. घरादारात तो पाळला, तर निम्मी भांडणे मिटतील असेही वाटले.

त्या दिवशी वर्गात एक नवा मुलगा होता. भाची जिथे झेरॉक्स काढते, त्या दुकानात तो कामाला. वय एकोणीस. घरचे मूळ छोटा उदेपूरकडचे राठवा आदिवासी. आईवडील बांधकामावर. हा मुलगा दुकानात येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाची नक्कल करायचा. प्राध्यापक कसे कागद मोजतात, विद्यार्थी परीक्षेच्या आदल्या रात्री कसे धापा टाकत येतात, सगळे हुबेहूब. भाचीने वर्गाच्या लोकांशी बोलून त्याची फी माफ करून घेतली होती. लोकांनी ती आनंदाने केली. येण्याजाण्याची सोय तिने स्वतःच्या स्कूटरवर केली होती. म्हणजे दार उघडे होते, तिकीट फुकट होते आणि वाहनही होते. आणखी काय हवे?

खेळाची रीत अशी, की दोघे पुढे येतात आणि त्यातला एक पहिले वाक्य बोलतो. त्या वाक्यातून जागा ठरते, नाते ठरते. पहिल्या खेळात समोरची मुलगी त्याला म्हणाली, "अरे, लिफ्ट का बंद आहे?" झाला तो लिफ्टमन. दुसऱ्या खेळात एकाने काल्पनिक गाडीचा दरवाजा उघडून किल्ली त्याच्याकडे फेकली. झाला तो वॉचमन. तिसऱ्यात, "दोन कॉफी, आणि जरा लवकर." झाला तो वेटर. तिन्ही वेळा त्याने नियम पाळला. तिन्ही वेळा 'हो' म्हटले, भर घातली, लोकांना पोट धरून हसवले. वॉचमनच्या खेळात त्याने किल्ली झेलून "साहेब, मागच्या वेळची गाडी अजून सापडली नाही" असे म्हटले, तेव्हा मीही टाळी दिली.

पुढच्या रविवारी तो आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही.

भाची हिरमुसली. "मामा, मी काय कमी केलं सांग. फी नाही, रिक्षाभाडं नाही. सगळे त्याच्याशी चांगलं वागले." मी म्हटले, मला विचारून काय उपयोग, त्याला विचार. तिने दुकानात जाऊन विचारले. तो हसून म्हणाला, "दीदी, सोमवार ते शनिवार दिवसभर साहेब-साहेब करतो. रविवारी परत तेच करायला तिकडं कशाला येऊ?"

हे वाक्य ती मला फोनवर सांगत होती, तेव्हा मी कॉलेजच्या स्टाफरूममध्ये होतो. खरे सांगतो, पुढचा तास शिकवताना माझे लक्ष लागेना.

बघा ना, त्या वर्गात कुणाच्याच मनात वाईट नव्हते. कुणी त्याचा अपमान केला नाही. पण 'जे मिळेल त्याला हो म्हण' हा नियम सगळ्यांना सारखाच लागू पडत नाही. ज्याने आयुष्यात 'नाही' भरपूर म्हणून घेतले आहे, त्याला 'हो' म्हणायला शिकणे ही मोकळीक असते. ज्याच्या घरी पिढ्यान् पिढ्या 'होय साहेब' म्हणण्यावाचून गत्यंतर नव्हते, त्याला तोच नियम म्हणजे पुन्हा तीच नोकरी. खेळात खरी सत्ता असते ती पहिल्या वाक्यात. आणि पहिले वाक्य ज्याला सवय असते, तोच घेतो.

हा प्रश्न एकट्या बडोद्याचा नाही. ज्या शिकागो शहरात या खेळाचे आजचे रूप घडले, तिथली गोष्ट तर आणखी विचार करायला लावणारी आहे. व्हायोला स्पोलिन नावाच्या बाईंनी हे खेळ रचले. १९२०च्या दशकात त्या शिकागोच्या हल हाउसमध्ये नेव्हा बॉइड या शिक्षिकेकडे शिकल्या. हल हाउस म्हणजे देशोदेशींहून आलेल्या गरीब स्थलांतरितांच्या वस्तीतली सेवाभावी संस्था. पुढे १९३०च्या दशकाच्या शेवटी, मंदीच्या काळातल्या सरकारी योजनेत स्पोलिन नाटकाचे वर्ग घेऊ लागल्या. त्यांच्यासमोरची मुले निरनिराळ्या भाषा बोलणारी, गरीब घरची. लांबलचक संवाद पाठ करून घेणे शक्यच नव्हते. म्हणून त्यांनी खेळ काढले. भाषा अडली तर हातवारे, हातवारे अडले तर आवाज. १९६३ साली त्यांचे पुस्तक आले आणि जगभर पोचले. म्हणजे ज्यांच्याजवळ पैसा नाही आणि ज्यांची भाषा वर्गाची भाषा नाही, अशा मुलांसाठीच ही कला जन्मली!

पुढे १९५९ साली त्यांचे चिरंजीव पॉल सिल्स आणि त्यांच्या साथीदारांनी शिकागोत 'सेकंड सिटी' हे विनोदी थिएटर काढले. ते गाजले. तिथून बाहेर पडलेले कलावंत सिनेमा-टीव्हीवर गेले. साहजिकच वर्गांना मागणी आली, आणि वस्तीतली मुले मागे पडली. रंगमंचावर गोरे चेहरेच अधिक. पहिला कृष्णवर्णीय कलावंत, बॉब करी, तिथे १९६६ साली उभा राहिला. पुढे शिष्यवृत्त्या आल्या, खास उपक्रम आले. तरीही २०२० साली जॉर्ज फ्लॉइडच्या मृत्यूनंतर अमेरिका ढवळून निघाली, तेव्हा तिथे काम केलेल्या कृष्णवर्णीय कलावंतांनी आपले अनुभव उघडपणे मांडले. तेव्हाचे प्रमुख अँड्र्यू अलेक्झांडर यांनी पद सोडले आणि वंशभेदमुक्त वातावरण आपण घडवू शकलो नाही, हे जाहीरपणे मान्य केले. शिष्यवृत्ती देऊनही जे सुटले नाही, ते फीत नव्हतेच. ते कोण लिफ्टमन होतो आणि कोण किल्ली फेकतो, यात होते.

आता आपल्या घरात येऊ. आपल्याकडे उत्स्फूर्त विनोद ही काही अमेरिकेहून आलेली वस्तू नाही. १८४२च्या सुमारास कर्नाटकातल्या कर्की गावची भागवत मंडळी सांगलीला आली. त्यांचा खेळ पाहून संस्थानिक चिंतामणराव पटवर्धनांनी विष्णुदास भाव्यांना तसे काही मराठीत करायला सांगितले, आणि १८४३ साली 'सीता स्वयंवर' झाले. मराठी नाटकाला कन्नडचे बोट धरून पहिले पाऊल टाकता आले, ही गोष्ट आपण सीमाभागातल्यांनी विसरू नये. त्या नाटकात सूत्रधाराची पदे लिहिलेली असायची. मधले बोलणे मात्र नटांनी आपल्या पदरचे घालायचे. किनारपट्टीच्या यक्षगानात, ताळमद्दळेत आजही कलावंत आयत्या वेळी बोलतात, तसेच. म्हणजे आपले नाटक जन्मले तेच 'हो, आणि...' म्हणत! १८८० साली गुर्लहोसूरच्या अण्णासाहेब किर्लोस्करांनी 'शाकुंतल' आणले, तोवर हीच वहिवाट होती.

आणि या कलेचा खरा राजा म्हणजे तमाशातला सोंगाड्या. गण झाला, गौळण झाली, की बतावणी. मग वग. वगाचे कथानक ठरलेले, पण बोलणे रोजचे ताजे. दादू इंदुरीकरांचे 'गाढवाचं लग्न' असो, की आपल्या जवळच्या कवलापूरच्या काळू-बाळूंची जोडी असो, कालच्या गावात झालेला विनोद आजच्या गावात तसाच होईल याची खात्री नसायची. समोर पाटील बसला असेल तर पाटलावर, फौजदार असेल तर फौजदारावर. हे कलावंत कुठल्या समाजातले? बहुतेक महार, मांग, कोल्हाटी. गावकुसाबाहेरचे. दिवसा ज्या चावडीपुढून मान खाली घालून जायचे, रात्री त्याच चावडीपुढच्या मैदानात राजाची टोपी उडवायचे.

गंमत बघा, सोंगाड्याही नोकरच असतो. वगातला राजा त्याला हुकूम सोडतो आणि तोही 'हो' म्हणतो. "शिपाई!" "जी महाराज." पण त्याच्या 'जी महाराज'च्या पुढे जे येते, त्याने महाराजांचे सिंहासन डुगडुगते. गुजरातच्या भवाईतला रंगलोही याच जातकुळीचा. भवाईची परंपरा ज्यांच्यापासून सांगतात, ते असाइत ठाकर हे ब्राह्मण. एका पाटीदार मुलीला वाचवण्यासाठी तिच्यासोबत एका ताटात जेवले म्हणून जातीबाहेर टाकले गेले आणि मग वेश रचून खेळू लागले, अशी कथा आहे. जातीबाहेर पडलेल्या माणसाने हसण्याची कला उभी करावी, हे मला फार बोलके वाटते.

मग त्या झेरॉक्सच्या मुलात आणि सोंगाड्यात फरक काय? दोघेही नोकराच्या भूमिकेत, दोघेही हसवणारे. फरक असा, की सोंगाड्याचा फड त्याचा स्वतःचा होता. राजाही त्याच्याच भावकीतला. उद्या तो राजा होईल आणि आजचा राजा शिपाई. अलकापुरीच्या वर्गात किल्ली फेकणाराही खरा होता आणि झेलणाराही खरा. खेळ संपल्यावर एक जण खरोखरच्या गाडीत बसून गेला आणि दुसरा स्कूटरच्या मागे.

१९६५ साली वसंत सबनिसांचे 'विच्छा माझी पुरी करा' आले. दादा कोंडके त्यात रोजच्या बातम्यांवर पदरची वाक्ये टाकत. शहरातल्या माणसांनी तिकीट काढून नाट्यगृहात लोकनाट्य पाहिले, आणि चांगलेच झाले. पण कला गावकुसातून नाट्यगृहात गेली, म्हणून तमाशाच्या राहुटीतली पोरे नाट्यगृहात गेली असे नाही. कला आत येते, माणसे बाहेर राहतात. शिकागोत तेच, इथेही तेच.

बडोद्यात असताना एका सकाळी मी कमाटीबागेत फिरायला गेलो होतो. या शहराला दार उघडण्याचा इतिहास आहे. सयाजीराव गायकवाडांनी १८८०च्या दशकाच्या सुरुवातीलाच तेव्हा अस्पृश्य मानल्या गेलेल्या मुलांसाठी सरकारी शाळा काढल्या. पण शाळा काढून भागले नाही. सवर्ण मास्तर तिथे शिकवायला जायला तयार होईनात. मग मुसलमान शिक्षक नेमावे लागले, आर्य समाजाची मदत घ्यावी लागली. पंडित आत्माराम अमृतसरी १९०८ साली बडोद्यात येऊन या कामाला लागले. मुलांना पुस्तके फुकट द्यावी लागली, वसतिगृहे काढावी लागली. १८९३ साली अमरेलीत आणि १९०६ साली साऱ्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत झाले. महाराजांना एक गोष्ट उमगली होती. दाराची कडी काढणे हे पहिले काम, शेवटचे नाही.

आणि याच शहराला दार बंद करण्याचाही इतिहास आहे. ज्या तरुणाला महाराजांनी शिष्यवृत्ती देऊन अमेरिकेला पाठवले, ते डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१७ साली इथे नोकरीसाठी आले, तेव्हा त्यांना राहायला खोली मिळाली नाही. पारशी नाव घेऊन ते एका पारशी खानावळीत राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेले लोक आले आणि बाहेर काढून गेले. त्या दिवशी मुंबईच्या गाडीची वेळ होईपर्यंत ते या कमाटीबागेत बसले होते. हे त्यांनी स्वतः लिहून ठेवले आहे. सरकारी हुकूम होता, पदवी होती, नोकरी होती. खोली नव्हती. स्वतःच्या नावाने बसता येईल अशी जागा नव्हती. हसण्याच्या वर्गाबद्दल लिहिताना हे आठवणे कुणाला फार मोठे वाटेल. मला वाटत नाही. माणसाला आत घेऊन दुसऱ्याच वेशात वावरायला लावणे, ही रीत जुनी आहे. तिचे रूप मात्र आता सौम्य झाले आहे.

मग दुसरी वाट कोणती? तीही मला बडोद्यातूनच निघालेली दिसली. गणेश देवी हे मूळचे भोरचे, बडोद्याच्या विद्यापीठात इंग्रजीचे प्राध्यापक. १९९६ साली त्यांनी बडोद्यात 'भाषा' ही संस्था सुरू केली. (२०१६ साली ते धारवाडला राहायला आले, म्हणून आपल्या वाचकांना ते परके नाहीत.) मार्च १९९८ मध्ये बंगाली लेखिका महाश्वेता देवी बडोद्यात व्याख्यानाला आल्या. बंगालमधल्या पुरुलिया जिल्ह्यात बुधन सबर नावाच्या तरुणाचा फेब्रुवारीत पोलीस कोठडीत मृत्यू झाला होता, ती कहाणी त्यांनी सांगितली. सबर ही इंग्रजांनी 'गुन्हेगार' ठरवलेल्या जमातींपैकी एक. महाश्वेता देवी, देवी आणि 'उचल्या'कार लक्ष्मण गायकवाड यांनी मिळून अशा विमुक्त-भटक्यांच्या हक्कांसाठी गट स्थापन केला.

हे लोक अहमदाबादच्या छारानगरात गेले. छारा समाजही त्याच यादीतला. १८७१च्या कायद्याने जन्मतःच गुन्हेगार ठरवलेला, ३१ ऑगस्ट १९५२ रोजी कागदावर मुक्त झालेला. तिथे आधी एक वाचनालय सुरू झाले. आणि तिथल्या तरुणांनी काय मागितले असेल? नाटक! ३१ ऑगस्ट १९९८ रोजी त्यांनी छारानगरातच 'बुधन' हे नाटक केले. त्यातून 'बुधन थिएटर' उभे राहिले. दक्षिण बजरंगे आणि त्यांच्या साथीदारांनी ते चालवले, वाढवले. रस्त्यावर, चौकात, लोकांच्या मध्ये. पोलीस, न्यायाधीश, शेजारी, सगळ्यांच्या भूमिका छारा तरुणच करतात. इथे पहिले वाक्य त्यांचे. मग ते कुणालाही फौजदार करोत!

आपल्या भागातल्या लोकांना हे परके वाटू नये. सोलापूर, हुबळी, गदग या गावांत अशा जमातींना डांबण्यासाठी 'सेटलमेंट' होत्या. ती नावे वस्त्यांना आजही चिकटून आहेत. शिकागोच्या हल हाउसलाही 'सेटलमेंट'च म्हणत. शब्द एकच. तिथे मुलांना खेळ मिळाले, इथे हजेरी मिळाली.

ही सगळी हकीगत मी भाचीला फोनवर सांगितली. ती म्हणाली, "मामा, इतिहास नको सांगू, करू काय ते सांग." तरुण मुले अशी थेट बोलतात, ते बरे असते. मी म्हटले, "त्याला परत बोलावू नकोस. त्याला विचार, आम्ही आलो तर चालेल का."

ती, तिच्या दोन मैत्रिणी आणि तो शिकवणारा तरुण असे चौघे एका रविवारी त्याच्या वस्तीजवळच्या मोकळ्या जागेत गेले. आठ-दहा मुले, तीन मुली आणि कट्ट्यावर बसलेल्या बायका. भाषा राठवी, गुजराती, थोडी हिंदी. खेळ सुरू झाला. पहिले वाक्य त्या मुलाचे. तो भाचीकडे बघून म्हणाला, "ए बाई, उभी काय राहिलीस? पाटी उचल, स्लॅब भरायचाय!"

आता नियमाप्रमाणे हिला 'हो' म्हणणे भाग. हिने काल्पनिक पाटी उचलली आणि थेट डोक्यावर ठेवली. झाले! कट्ट्यावरच्या बायका खो खो हसायला लागल्या. चुंबळ कुठे आहे? चुंबळ न ठेवता पाटी डोक्यावर घेणारी मजूर त्यांनी जन्मात पाहिली नव्हती. एक बाई उठल्या, पदराची चुंबळ करून हिच्या डोक्यावर ठेवली आणि कमरेवर हात देऊन म्हणाल्या, "आज अर्धाच रोज मिळेल." कुणी न सांगता त्या मुकादम झाल्या होत्या. मग पाऊण तास त्यांनी मुकादमाचे जे सोंग आणले, ते भाचीने मला जसेच्या तसे फोनवर करून दाखवले आणि अक्का मागून हसत होती.

भाची नंतर म्हणाली, "मामा, हसले सगळे मलाच. वाईट नाही वाटलं. पण दर रविवारी हेच असतं, तर वाटलं असतं." मला वाटते, हा सगळा अभ्यासक्रम तिने एका वाक्यात संपवला.

सगळे गोड झाले असे मात्र नाही. जेठ संपता संपता पावसाची चिन्हे दिसली आणि बांधकामावरची निम्मी घरे पेरणीला गावी गेली. जमलेला गट विस्कटला. फोन लावून माणसे गोळा होत नाहीत, कारण त्यांचे वर्ष कॅलेंडरवर चालत नाही, पावसावर चालते. शिकवणाऱ्या तरुणाने आता वर्गातही दोन बदल केले आहेत. पहिले वाक्य कुणाचे, ते चिठ्ठी टाकून ठरते. आणि एकाच माणसाला लागोपाठ नोकर करायचे नाही. झेरॉक्सचा मुलगा त्यानंतर अलकापुरीच्या वर्गाला दोनदा आला. एकटा नाही, मित्रांना घेऊन, तिघे. एकटा असला की माणूस 'त्या लोकांपैकी एक' होतो. तिघे असले की प्रत्येक जण आपापला असतो, एक बोलका, एक लाजरा, एक आगाऊ. पुढे तो टिकेल की नाही, सांगता येत नाही. दुकानाचा मालक रविवारीही बोलावू लागला आहे.

वाचकहो, हे सारे मी का लिहीत बसलो? कारण परीक्षा संपल्या की आपल्याकडेही शिबिरांच्या जाहिराती येतील. नाट्य शिबिर, व्यक्तिमत्त्व विकास, वक्तृत्व. 'सर्वांसाठी खुले' असे त्यात लिहिलेले असते आणि लिहिणाऱ्याच्या मनात कपट नसते. पण शिबिर पाचला सुटले आणि गावाकडची शेवटची बस साडेचारला गेली, तर ते कुणासाठी खुले? घरात कन्नड आणि शाळेत मराठी बोलणारे पोर उच्चारात अडखळले, आणि त्याने विनोद करायच्या आधीच वर्ग हसला, तर ते पुन्हा तोंड उघडेल का? माझ्या वर्गात मागच्या बाकावर एक मुलगी बसते. तिची आई बिड्या वळते. ती मैत्रिणींच्या कानात जे कुजबुजते, त्याने अख्खा बाक हलतो. स्नेहसंमेलनाच्या नाटकात तिला गेल्या वर्षी मोलकरणीचे काम देऊ केले गेले. तिने नको म्हटले, आणि सगळ्यांना वाटले की तिला आवड नाही.

यंदा कॉलेजात दर गुरुवारी दुपारी एक तास आम्ही असा खेळ सुरू केला आहे. दुपारी, म्हणजे बस चुकत नाही. मराठी, कन्नड, दोन्हीची मिसळ, काहीही चालते. फी नाही. पहिले वाक्य चिठ्ठीने. पहिल्या गुरुवारी चिठ्ठी तिच्या नावाची निघाली. ती उठली, प्राचार्यांसारखा चष्मा नाकावर ओढला आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "सर, तुमची हजेरी कमी आहे. पालकांना घेऊन या."

मी म्हटले, "हौद मॅडम. मत्त... पालक गावी गेलेत."

"मग अज्जीला घेऊन या," ती म्हणाली.